दहा-अकराचा पाना

भाजे गावच्या महिपती तिकोनेने रिसॉर्टातल्या त्या हेलिकॉप्टरला गेल्या वर्षभरात एकदाही उडायची परवानगी दिलेली नाही. हेलिकॉप्टरला इंजिन नाही. वरचे पंखे वेल्डिंग मारून जाम केलेले आहेत, पोटात चार टेबलं मांडली आहेत आणि शेपटीला दिव्यांच्या माळा सोडल्या आहेत. ते उडून जाणार कुठे, हा प्रश्न कुणालाही पडेल, पण महिपतीला तो पडत नाही. रोज सकाळी साडेसातला तो गणवेशाला इस्त्री करून हातात वही घेऊन हेलिकॉप्टरभोवती उजवीकडून एक फेरी मारतो, वाकून पोट बघतो, टायरवर थाप मारतो आणि वहीत लिहितो, 'उड्डाणास अयोग्य'. त्याखाली वेळ, सही आणि हुद्दा लिहून झाला की मग चहा.

रिसॉर्ट पुण्याच्या सत्यमचं. वय अठ्ठावीस, डोक्यात कल्पना फार. भंगाराच्या लिलावात हे हेलिकॉप्टर त्याला सापडलं आणि त्याने आत जेवणाची सोय केली. महिपतीची सकाळची फेरी पाहून आधी तो हसला. मग पाहुणे तिचे फोटो काढतात हे दिसल्यावर त्याने फाटकावर पाटीच लावली, 'अस्सल फौजी तपासणी, रोज सकाळी ७.३०'. तेव्हापासून मुंबईची जोडपी झोपेतून उठून ब्लँकेट पांघरून बघायला येतात. "काका, आज उडणार का?" असं कुणी विचारलं, तर महिपती वहीतून मान वर न काढता सांगतो, "आज न्हाई. उद्या बघू."

आता महिपतीला वेड लागलंय असं कुणी म्हणेल, तर त्याला त्याची हकिगत माहीत नाही.

वीस वर्षं तो हेलिकॉप्टरच्या एका युनिटमध्ये फिटर होता. सार्जंट होऊन, बाहीवर तीन फिती घेऊन बाहेर पडला. पुढे तळेगावच्या एका कारखान्याच्या गेटवर त्याने सहा वर्षं लोकांचे डबे उघडून बघितले. मग एका शाळेच्या बसवर लागला. तिथे प्रत्येक पोराची पाण्याची बाटली, डबा आणि टोपी मोजल्याशिवाय तो बस हलू देत नसे. पोरांचं सामान एकदाही हरवलं नाही, पण पोरं दुसऱ्या तासालाच वर्गात पोचायची. शाळेने शाल-नारळ देऊन त्याचा निरोप समारंभ केला. समारंभ फार हृद्य झाला म्हणतात, मुख्याध्यापक तर सुटकेने रडले.

मग तो सत्यमच्या फाटकावर आला, आणि दोन महिन्यांनी ट्रेलरवरून हेलिकॉप्टर आलं. महिपती ट्रेलरला हात दाखवत मागे मागे घेत होता. हेलिकॉप्टरची डावी बाजू समोर आली आणि त्याचा हात हवेतच राहिला. दाराखाली पत्र्याचं ठिगळ होतं. अकरा रिबिटा, त्यातली सातवी वाकडी. ते ठिगळ त्याने स्वतः मारलं होतं, आसामात, सव्वीस वर्षांपूर्वी. तो खुर्चीवर बसला आणि त्याला दरदरून घाम फुटला.

घाम ठिगळामुळे नाही, पान्यामुळे फुटला.

युनिटमध्ये पाने-पक्कड वगैरे हत्यारांचा कायदा कडक असे. टूल रूमच्या भिंतीवर लाकडी बोर्ड, बोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार न्यायचं तर खिडकीवर आपला पितळी बिल्ला ठेवायचा, काम झालं की हत्यार परत करायचं आणि मगच बिल्ला घ्यायचा. संध्याकाळी बोर्डावर एक आकृती जरी रिकामी दिसली, तरी हेलिकॉप्टर उडत नाही आणि माणूस घरी जात नाही. कारण पोटात राहिलेला एवढासा पाना वर आकाशात एखाद्या दांड्यात अडकला, तर आतल्या माणसांचं काय होईल ते सांगायला नको.

ठिगळ मारलं त्या दिवशी खिडकीत धम्मदीप ओव्हाळ होता. लोणावळ्याजवळच्या वलवणचा, म्हणजे इतक्या लांब आसामात अगदी घरचाच. महिपतीची बायको बाळंत व्हायची होती आणि मळवलीच्या एसटीडी बूथवरून पाच वाजता फोन यायचा होता. पाचला पाच कमी असताना महिपती हत्यारांची गुंडाळी खिडकीवर टाकून म्हणाला, "धम्मा, फोन यायचाय." धम्मदीपने गुंडाळी न सोडताच बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. गावाकडचा माणूस, त्याचं काय मोजायचं. आख्ख्या नोकरीत त्याने केलेली ही एवढीच चूक.

मुलगी झाली होती. आणि बोर्डावर दहा-अकरा मापाच्या पान्याची आकृती रिकामी होती.

महिपती म्हणाला, मी दिला. धम्मदीप म्हणाला, नाही दिलास. चार दिवस हेलिकॉप्टर उघडून शोधलं, पाना मिळाला नाही. शेवटी निकाल बिल्ल्याने लावला. बिल्ला महिपतीच्या खिशात, म्हणजे हत्यार परत आलं होतं, म्हणजे ते खिडकीच्या आत हरवलं. धम्मदीपच्या कागदावर शेरा बसला. त्याची तिसरी फीत आली नाही ती नाहीच, पंधरा वर्षं भरल्यावर तो दोन फितींवरच घरी आला. वलवणमध्ये त्याला सगळे फौजीच म्हणतात, फिती कोण मोजतो? तो मोजतो.

महिपती खोटं बोलला नव्हता. 'दिला असेल' असं त्याला आधी वाटलं होतं. चौकशीत ते 'दिला' झालं, आणि एकदा सांगितलेलं मग बदलता आलं नाही.

गंमत अशी, की दोघांची दोस्ती तुटली नाही. दर रविवारी दहा वाजता मळवली स्टेशनसमोर भिकाजीच्या टपरीवर दोघे भेटतात. पहिला चहा पाऊसपाणी, पोरंबाळं, पेन्शन यांवर होतो. दुसरा कप हातात आला की धम्मदीप म्हणतो, "त्यो पाना तू दिला न्हाईस." महिपती म्हणतो, "दिलता." मग भिकाजी रेडिओचा आवाज वाढवतो. हे कित्येक वर्षं चाललेलं आहे.

हेलिकॉप्टर आल्याचं महिपतीने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धम्मदीप त्याच पावली स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला असता. पाना आत नसला तर बरंच. पण असला तर? त्यापेक्षा रोज 'उड्डाणास अयोग्य' लिहिणं सोपं. ज्याच्या पोटाची खात्री नाही त्याला सोडायचं नाही, एवढं तरी तो करू शकत होता. शिवाय त्याने स्वयंपाकघरात बोर्ड बसवला. त्यावर चोवीस चमच्यांच्या आणि चोवीस काट्यांच्या आकृत्या रंगवल्या. सत्यमला तेही आवडलं. त्याने चमच्यांच्या दांड्यांवर छोटी हेलिकॉप्टरं कोरून घेतली.

एका शनिवारी सोमाटण्याच्या धोंडाबाईंचा ऐंशीवा वाढदिवस होता. नातवंडं, सुना धरून अकरा जण हेलिकॉप्टरमध्ये जेवले. धोंडाबाई खिडकीशी बसल्या होत्या. जेवण उरकल्यावर महिपतीने मोजले, चमचे तेवीस. त्याने दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकली.

"एक चमचा कमी हाय," तो म्हणाला. "मिळंपत्तूर कुणी उतरायचं न्हाई."

थोरला नातू अतुल समजुतीने म्हणाला, "काका, मी नवा आणून देतो."

"नव्यानं काय व्हतंय? जुना कुटं हाय त्ये कळाय पायजे."

सत्यम बाहेरून खिडकीवर टकटक करत होता. "काका, प्लीज. पाहुणे आहेत ते."

"शेठ, मला स्क्रू ड्रायव्हर द्या," महिपती म्हणाला.

सत्यमने खिडकीतून तो दिला, याचं त्याला स्वतःलाच नंतर नवल वाटलं. महिपतीने टेबल सरकवलं, लाकडी पट्ट्या उचकटल्या, खालचा पत्रा सोडवला. पाहुणे पाय वर घेऊन खुर्च्यांवर बसले. एका सुनेने व्हिडिओ काढायला घेतला. धोंडाबाई मात्र शांत होत्या, कारण चमचा त्यांच्या कमरेच्या बटव्यात होता. ऐंशी वर्षांत त्या कधी कशात बसून आकाशात गेल्या नव्हत्या. हेलिकॉप्टरमध्ये बसल्याची खूण म्हणून त्यांना तो हवा होता, आणि तो त्यांनी घेतला होता.

महिपती पोटावर झोपला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. हात सव्वीस वर्षं मागे गेला. डावी बाजू, सांगाड्याची पहिली बरगडी, दुसरी, तिसरी. तिसरीच्या मागच्या खाचेत बोटांना काहीतरी गार लागलं. त्याने ते ओढून काढलं आणि सदऱ्याच्या बाहीने पुसलं. दहा-अकराचा पाना. दांड्यावर नंबर होता आणि तो नंबर त्याला तोंडपाठ होता.

"गावलं का रं बाबा?" धोंडाबाईंनी विचारलं.

"गावलं, आजी," महिपती पान्यावरची नजर न काढता म्हणाला आणि त्याने दार उघडलं. पाहुणे घाईने उतरले. बटव्यावर हात ठेवून धोंडाबाईही सावकाश उतरल्या.

"काका, हा तर पाना आहे," सत्यम म्हणाला. महिपतीने पाना खिशात टाकला आणि स्कूटरला किक मारली.

इंद्रायणीच्या पुलावर तो थांबला. खाली पाणी भरपूर होतं. पाना टाकला असता तर या जगात कुणालाही काही कळलं नसतं, आणि उद्या रविवारी तो पुन्हा 'दिलता' म्हणू शकला असता. तो बराच वेळ कठड्याशी उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली. सहा माणसं घेऊन ते हेलिकॉप्टर वर्षानुवर्षं उडत राहिलं आणि हा तीन फिती लावून फिरला. त्याने स्कूटर लोणावळ्याकडे वळवली.

धम्मदीपचं पंप आणि मोटरी दुरुस्त करायचं दुकान वलवणला घराच्या पुढच्या खोलीत आहे. तिथेही भिंतीवर बोर्ड आणि बोर्डावर आकृत्या. तो एका मोटरीला तार गुंडाळत होता. महिपतीने पाना त्याच्यासमोर ठेवला.

धम्मदीपने तार सोडली. चष्मा कपाळावरून खाली घेतला, नंबर वाचला, पुन्हा वाचला.

"कुटं?"

"पोटात. तिसऱ्या बरगडीमागं. आपलंच हेलिकॉप्टर हाय, रिसॉर्टात आणलंय."

"कवा?"

"वरीस झालं."

"आन तू बोलला न्हाईस."

"न्हाई बोललो. धम्मा, पाना मीच आत इसरलो. तुजी फीत माज्यामुळं गेली."

आतून धम्मदीपची बायको रेणुका पाणी घेऊन आली आणि दोघांची तोंडं बघून तशीच उभी राहिली. धम्मदीप पाना तळहातावर तोलत होता.

"पयली धा वर्सं मला पक्कं ठाव व्हतं, तू दिला न्हाईस," तो म्हणाला. "मंग वाटाय लागलं, दिला आसंल. माज्याच हातनं कुटं पडला आसंल. हिला इचार. न्हाई दिलास, न्हाई दिलास, आसं तुला म्हणत व्हतो, पर माजं मलाच खरं वाटत नव्हतं." त्याचे डोळे भरले आणि ते त्याने लपवले नाहीत. महिपती तर आधीच रडत होता.

मग धम्मदीपने खणातून वही काढली, रेघा मारल्या आणि पुढे सरकवली. "लिव. हत्यार परत केल्याची तारीक, येळ. उशिराचं कारण."

महिपतीने कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगी झाली होती.' आणि सही केली.

धम्मदीपने वाचून मान हलवली आणि वही मिटली. रेणुकेने चहा ठेवला. पाना दोघांच्या मध्ये पडलेला होता, आणि बरीच वर्षं आजारी असलेलं माणूस उठून बसावं तसं त्या खोलीत वाटत होतं.

"पर तू आज पत्रा उघडलास कशापायी?" धम्मदीपने विचारलं.

"चमचा कमी व्हता. चोवीसातला एक."

"मंग गावला का?"

महिपतीचा कप तोंडापाशीच थांबला.

"चमचा गावला न्हाई," धम्मदीप म्हणाला, "आन तू दार सोडलंस."

धम्मदीप उठला, खुंटीवरची टोपी घातली, बोर्डावरचे दोन स्क्रू ड्रायव्हर घेतले आणि ते घेतल्याची वहीत नोंद केली. "चल," तो म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत दोघांनी हेलिकॉप्टरचा सगळा तळ उचकटला. खुर्च्या बाहेर, टेबलं बाहेर, दिव्यांच्या माळासुद्धा बाहेर. सत्यम गवतावर डोकं धरून बसला होता आणि रात्रीच्या जेवणाची बुकिंगं फोनवर रद्द करत होता. चमचा मिळाला नाही. त्या वेळी सोमाटण्यात धोंडाबाई त्याच चमच्याने वाढदिवसाचा उरलेला शिरा खात होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. भिकाजीच्या टपरीवर पहिला चहा झाला. पाऊसपाणी झालं, पोरंबाळं झाली, पेन्शन झाली. मग दोघे गप्प झाले, कारण बोलायला काही उरलं नव्हतं. भिकाजीने सवयीने दुसरा कप आणला आणि त्यालाही चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

धम्मदीपने एक घोट घेतला. "तू त्या टेबलावर तेवीसच चमचे दिलतेस," तो म्हणाला.

"चोवीस दिलते," महिपती म्हणाला. "मोजून."

भिकाजीने रेडिओचा आवाज वाढवला.