फटाक्यांना न घाबरणारी

मी एक ठार बहिरी कुत्री द्राक्षबागेच्या राखणीला दिली. नुसती दिली असती तर एक वेळ चाललं असतं. मी तिच्या शौर्यावर चार ओळी लिहिल्या, त्या स्वतःलाच दोनदा वाचून दाखवल्या आणि डोळे पुसत दिली.

माझं फरशांचं दुकान आहे. आमच्याकडे राखाडी फरशीला कोणी राखाडी म्हणत नाही, मी तिला ‘पहाटेचं धुकं’ म्हणतो. मळकट पिवळी खपेना तेव्हा तिचं ‘हुरड्याचे दिवस’ केलं. गिऱ्हाईक फरशीऐवजी माझ्या तोंडाकडे बघत राहतं, आणि घरी गेल्यावर बायकोची बोलणी खातं. अशा माणसाच्या हाती कुणाच्या जिवाबद्दल लिहिण्याचं काम देऊ नये. पण दिलं.

शहराच्या कडेला, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये, भटक्या आणि सोडून दिलेल्या जनावरांचा निवारा आहे. तिथल्या दवाखान्याची फरशी आमच्याकडून गेली होती. ती बसते कशी ते बघायला मी गेलो आणि मग उगाचच जात राहिलो. दुपारी तिथं एक विचित्र शांतता उतरते. साठ-सत्तर कुत्री एकदम भुंकून एकदम गप्प होतात, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि ते एकेका पाठीवरून सावकाश सरकत जातात. मी चहाचा कप घेऊन बसायचो आणि कोण कसली स्वप्नं बघत असेल याचा अंदाज बांधायचो.

तिथं आठवड्यातून तीनदा येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक दिवस मला हटकलं. “तुम्हाला बोलायची एवढी हौस आहे ना? मग यांच्याबद्दल लिहा. फोटोबरोबर व्हॉट्सॲपवर टाकू. यांना घरं मिळाली की जागा मोकळी होते. नाही मिळाली की गर्दी, गर्दी झाली की आजार, आणि शेवटी ज्यांचं काहीच करता येत नाही त्यांना इंजेक्शन. ते मी देते, तुम्ही नाही. म्हणून म्हणते, लिहा.”

मी लिहू लागलो. काहींना घरं मिळालीही. एक बोका ‘दुपारच्या झोपेचा जाणकार’ म्हणून कॉलेज रोडला गेला. एका कुत्र्याला मी ‘लहान मुलांत रमणारा’ लिहिलं, तो आठवड्यात परत आला. मुलांच्या हातातल्या बिस्किटांत रमत होता, एवढंच.

आणि मग ती. पांढरीशुभ्र, एक डोळा तपकिरी, दुसरा निळसर. तिला निवाऱ्यात एक नाव होतं, पण त्या नावाशी तिचा काही संबंध नव्हता. हाक मारा, टाळ्या वाजवा, ती आपली पुढं बघत बसलेली. एका फ्लॅटमधल्या कुटुंबानं नेली होती, चौथ्या दिवशी परत आणली. तक्रार अशी, की हाक मारली तर वळत नाही आणि मागून हात लावला तर दचकून अंगावर येते. हे ऐकून कुठल्याही शहाण्या माणसाला जे सुचलं असतं ते मला सुचलं नाही. मी वहीत लिहिलं, ‘स्वाभिमानी’.

परत आल्यापासून ती पुढचा डावा पाय चाटायची, चाटता चाटता कुरतडायची. पट्टी बांधली की पट्टी फाडायची. जखम तांबडी, ओली, रुपयाएवढी होती ती तळहाताएवढी झाली.

“हे पिंजऱ्याचं दुखणं आहे,” डॉक्टरीणबाई पट्टी बदलता बदलता म्हणाल्या. “मोकळी जागा मिळाली तर बहुतेक थांबेल. नाही मिळाली तर हाडापर्यंत जाईल, आणि तशा वेदनेत मी तिला ठेवणार नाही. महिना, दीड महिना. समजलं?”

समजलं. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं लावून, डोक्याचं तेल कपाळावर ओघळत असताना मी निवाऱ्यावर गेलो. फटाक्यांनी कुत्री वेडी होतात, तेव्हा चार माणसं जवळ बसलेली बरी, असं ठरलं होतं. अजून उजाडायचं होतं. आसपासच्या वस्तीतून लडी फुटत होत्या आणि शेडमध्ये सगळे जीव कोपऱ्यात गोळा होऊन थरथरत होते. कुणी माझ्या मांडीत डोकं खुपसलं, कुणी चपलेवर मुतलं. आणि मधल्या पिंजऱ्यात ती पांढरी, कुशीवर वळून, शांत झोपलेली. सुतळी बॉम्ब फुटला, पत्रा हादरला. तिनं फक्त एक कान हलवला, तोही डासामुळं.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. बाहेर आभाळ निळं होत होतं, हवेत बारूद आणि उटण्याचा वास एकत्र झाला होता, आणि तिचं पोट इतक्या संथपणे वरखाली होत होतं की माझाही श्वास त्याच लयीत चालू लागला. फटाके दूर, पाण्याखाली वाजल्यासारखे वाटू लागले. एवढ्या गोंगाटात एवढी शांती! मला वाटलं, मी कुठल्यातरी थोर जिवाच्या सान्निध्यात आहे. डुलकीही लागली असावी. जागा झालो तो ओळी घेऊनच: ‘जग हादरतं तेव्हाही ही हलत नाही. एका डोळ्यात माती, एका डोळ्यात आभाळ. फटाक्यांना न घाबरणारी. शूर माणसांनीच संपर्क करावा.’

शूर माणसांनी महिना-दीड महिना संपर्क केला नाही. जखम खोल होत गेली. आणि मग पिंपळगाव बसवंतच्या पुढच्या एका गावातून फोन आला. बाईमाणसाचा आवाज, खणखणीत.

“ते कुत्रं फटाक्याला नाय घाबरत, खरं हाय का?”

“मावशी, मी डोळ्यांनी बघितलंय.”

“आमची दोन पळाली. द्राक्षात गोडी भरली की पाखरं येतात, मग फटाके लावावे लागतात. पहिल्या आवाजाला जी गेली ती गेलीच. राखणीला लागतं बा एखादं.”

“राखण? मावशी, ही जागची हलणार नाही.” हे वाक्य आयुष्यात मी बोललेलं सर्वांत खरं वाक्य असावं.

गाडीत तिला ठेवताना डॉक्टरीणबाईंनी मलमाची डबी हातात दिली आणि म्हणाल्या, “परत आली तर पुन्हा पिंजराच आहे तिला. मग मला काही विचारू नका.”

त्या सकाळी धुकं इतकं होतं की हायवेवरचे कांद्याचे टेम्पो नुसते दिवे होऊन येत होते आणि विरघळून जात होते. थंडीनं द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागांमधून शेकोट्या धुमसत होत्या. धूर आणि धुकं एकमेकांत मिसळलेलं, त्यातून वेलींचे मांडव तरंगत असल्यासारखे दिसायचे. मी तिला मांडवाखाली सोडलं. ती दहा पावलं लंगडत गेली, माती हुंगली आणि त्या पांढऱ्या हवेत पांढरी होऊन दिसेनाशी झाली. मला भरून आलं. मावशी म्हणाल्या, “चहा घ्या आणि निघा, गाडीनं वाट अडवलीय.”

तेराव्या दिवशी फोन आला. “भाऊ, तुमचं कुत्रं झोपतं. या इकडं.”

वाटेत मी काय काय बोलायचं ते पाठ केलं. ती चिंतनशील आहे. ती निवडक ठिकाणीच भुंकते. पण त्या तळहाताएवढ्या जखमेला आता पिंजरा परवडणारा नव्हता, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मावशी बागेच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. ती मांडवाखाली, पानांमधून गळणाऱ्या उन्हात, कुशीवर झोपलेली. मावशींनी एक स्टीलची परात आणि उलथनं घेतलं, तिच्या डोक्यामागं उभ्या राहिल्या आणि असा दणका दिला की शेजारच्या बागेतले बुलबुल उडाले. तिचं पोट संथपणे वरखाली होत राहिलं.

“मावशी, ही तिची एकाग्रता…”

“थांबा.” त्यांनी पाय उचलून जमिनीवर आपटला, एकदाच. ती टक्क जागी झाली, मावशींकडे बघून शेपटी हलवू लागली.

“कळलं?”

मला कळलं. सगळ्यांत आधी फ्लॅटमधली तक्रार आठवली, मग दिवाळीची पहाट, आणि मी तिथं बसून काढलेली डुलकी. डॉक्टरीणबाईंना तिथूनच फोन लावला. ती ठार बहिरी आहे, एवढंच सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “पांढरं अंग, निळा डोळा. अशी कुत्री पुष्कळदा बहिरी असतात. पहिल्या दिवशी कळायला हवं होतं मला. मी पायच बघत राहिले.” आणि लगेच, “पाय कसा आहे?”

पाय बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खाली बसलो. ती समोरून आलेल्या माणसाला ओळखून पुढं सरकली, पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला. जखमेच्या कडा आत आल्या होत्या. मधे गुलाबी, कोरडी कातडी, आणि तिच्यावर बारीक पांढरी लव. मी तिच्यावर बोट ठेवलं नाही, नुसतं बघत राहिलो.

“चाटत नाय आता,” मावशी म्हणाल्या. “दिवसभर माझ्या मागं हिंडते. मी बसले की बसते.”

मी उठून उभा राहिलो. “मावशी, चूक माझी आहे. हिला मी घेऊन जातो. राखणीला तुम्हाला दुसरी…” मी गाडीकडे बोट दाखवलं. गाडीचा दरवाजा उघडाच होता. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“घेऊन जातो म्हणे! हिला कुठं नेता? हिला राहू द्या, हिची माझी सवय झाली.” मावशींनी परात खाली ठेवली. “राखणीला एक ऐकू येणारं आणा, भित्रं असलं तरी चालंल. आणि भाऊ, या बारीला तुम्ही नुसती गाडी चालवा. बोलायला कोणी शहाणं माणूस आणा.”