तारेने बांधलेलं दार

माझी काकी नेपाळची. तिचे वडील ठाण्यात एका बांधकामावर राखणदार होते आणि काका तिथे रेती चाळायला गेला होता. लग्न करून ती मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावर आली, त्याला वीस वर्षं झाली. आमची बोली ती माझ्यापेक्षा चांगली बोलते. मी जव्हारला शिकायला जाऊन बिघडले.

विहीर वरच्या पाड्याला की खालच्या, यावर ग्रामसभेत हात वर करायला सांगितले, तिथून हे सुरू झालं. आम्ही वरचे. काकीनेही हात वर केला. वीस वर्षं त्या उतारावरून हंडे तिनेच चढवलेत. खालचा एक जण ओरडला, "हिचा हात मोजू नका, हिचं मत कुठंय?" ग्रामसेवकाने मतदार यादी पाहिली. "बाई, हात खाली घ्या." एका हाताने विहीर खाली गेली.

काकी मला म्हणाली, "पुढच्या वेळी माझा हात मोजायचा. कागद कर."

मोखाड्याच्या बाजारात अर्ज भरून देणारा एक जण लगेच तयार झाला. "जन्म इथलाच टाकू. कोण येतंय बघायला?" काकाला पटलं. मला नाही. मी अक्षरं शिकले ती आमच्या कुडावर चिकटवलेल्या मोर्च्यांच्या पत्रकांवरून. "खरा हक्क खोट्या कागदावर मागायचा नाही," मी म्हणाले.

"झालं. निघालं पत्रक," काका म्हणाला.

काकी मात्र माझ्या बाजूने. "खरंच लिही पोरी. जन्मल्या गावाला नाही कशाला म्हणू?"

मग दोन वर्षं नागरिकत्वाच्या अर्जामागे गेली. मोखाड्याला नेट गेलं की जीपने जव्हार, आणि जव्हारला नेट असलं की साहेब नाहीत. लग्नाचा दाखला मागितला. लग्न पाड्यावर लागलेलं, दाखला कुठला? काकी म्हणाली, "तीन पोरं आहेत."

"पोरं पुरावा नसतात, बाई."

तिच्या भावाने जन्माचा नेपाळी कागद पाठवला, तर म्हणाले, भाषांतर आणा. मी म्हटलं, "साहेब, देवनागरीतच आहे, वाचा ना."

"वाचता येतं हो मला. भाषांतर आणा."

तेही आणलं. घरी चौकशीला माणूस येणार, एवढंच उरलं. तो आला जानेवारीत! दिवाळी झाली की आमचा पाडा वीटभट्ट्यांवर जातो, तो पावसाआधी परततो. काकीही गेलेली. मागे दोन-चार म्हातारी माणसं, त्यांना ऐकू येत नाही. अहवाल आला: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, घरास कुलूप.

मी कचेरीत जाऊन भांडले. "आमच्या एकाही घराला कुलूप नाही. आम्ही दार तारेने बांधून जातो. तुम्ही तारेला कुलूप लिहिलंत."

"पण घरी नव्हत्या ना त्या?"

"अख्खा पाडा घरी नव्हता. मग अख्खा पाडा परदेशी का?"

"ताई, भाषण बाहेर. पुन्हा चौकशी लावतो. कधी, ते विचारू नका."

वीस वर्षं ती आमच्यासारखी जगली म्हणून घरी सापडली नाही. दिवाळीनंतर एकटीच पाड्यावर बसून राहिली असती, तर ती इथली ठरली असती! हे मी किती पत्रकांत लिहिलं. कचेरीत कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

यंदा दिवाळीनंतर मुकादमाचा टेम्पो आला, तेव्हा काकी चढली नाही. भट्टीवर काम नवरा-बायकोच्या जोडीला मिळतं. काका माझ्याकडे बघून म्हणाला, "आता मला एकट्याला कोण उभं करील? लिही यावर पण एक." आणि गेला, मिळेल ती हमाली करायला. बाजारातल्या माणसाचं ऐकलं असतं तर हे झालं नसतं, हे त्याने बोलून दाखवलं नाही. मला माहीत आहे.

काकीने दाराची तार सोडून माझ्या हातात दिली. "ने जव्हारला. साहेबांना म्हणावं, हे आमचं कुलूप."

मार्च लागलाय. अजून कुणी आलेलं नाही. रोज सकाळी हंडे घेऊन उतरण्याआधी काकी शेजारच्या म्हातारीला आपल्या दारात आणून बसवते आणि तिच्या कानाशी ओरडते, "कुणी आला तर सांग, पाण्याला गेलीय. इथंच राहते म्हणून सांग."