टरबुजावरचं टोरांटो

जगातली कुठलीही दोन शहरं सांगा, त्यांच्यामधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ अकोल्याचे आमचे साडू हातातली बशी खाली न ठेवता सांगतील. स्वतः मात्र ते अजून एकदाही विमानात बसलेले नाहीत. अमरावतीला आमच्याकडे येतात तेही एसटीने, आणि शंभर किलोमीटरला अडीच तास लागले म्हणून चपला काढता काढताच चिडतात. एका लग्नात शेजारच्या पाहुण्याला त्यांनी विचारलं, "तेल्हाऱ्याहून याले किती वेळ लागला?" पाहुणा म्हणाला, "दीड तास." साडूंनी जिलबी ताटात ठेवली. "अरे बाप! तेवढ्यात तं मानूस दुबईहून मस्कतले उतरते!" पाहुणा शांतपणे म्हणाला, "मंग ते इमान आमच्या फाट्यावर थांबवा ना बाप्पा!" आकड्यांत मीही कच्चा नाही. लंडनला जाण्यापेक्षा येताना तासभर कमी लागतो, असं ते म्हणाले तेव्हा मला वाटलं, आता सापडले. अंतर तेच, तर वेळ वेगळा कसा? "भाऊ, येतानी वारा पाठीवर रायते!" घरी येऊन मी वेळापत्रक तपासलं. ते बरोबर होते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एक मुलीला टोरांटोत नोकरी लागली. होकार त्याच संध्याकाळपर्यंत कळवायचा होता आणि एवढ्या लांब पाठवायचं नाही म्हणून माझी मेहुणी अडून बसली होती. सकाळीच साडूंचा फोन आला, "भाऊ, लवकर या! येतानी टरबूज आना, एकदम गोल पाहून!" मी मांडीवर टरबूज घेऊन अकोल्याला जठारपेठेत त्यांच्या घरी पोचलो. ते पुरतं गोल नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवतो. साडूंनी त्याचा घेर चाळीस हजार किलोमीटर धरला, पेनने दिल्ली आणि टोरांटोचे ठिपके दिले आणि नकाशावर सरळ दिसते त्या वाटेने दोरा लावला. चौदा हजार. मग दोरा ताणला. तो आपोआप वर, उत्तर ध्रुवाच्या बर्फाकडे सरकला आणि तीन बोटं हातात उरला. "पाहा! इमान असं वरून जाते! अडीच हजार वाचले! अकोला-अमरावती पंचवीस खेपा!" ते अक्षरशः नाचत होते. मेहुणीने टरबुजावर ताणलेल्या दोऱ्यावर बोट ठेवलं. "वाचले ते वाचले. अन् हे बाकीचे?"

साडू उरलेला दोरा बोटाला गुंडाळू लागले. मुलगी खाली मान घालून बसली होती. मेहुणी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग उठली, विळी आणली, टरबूज चिरलं आणि पहिली फोड मुलीच्या हातात दिली. "खाय. अन् हो म्हून कळव त्यायले."

मुलगी गेली त्या दिवशी साडू दर तासाला मला फोन करून विमान कुठे आहे ते मोबाईलच्या नकाशावर बघून सांगत होते. आवाजात नुसता उत्साह. शेवटचा फोन आला, "पोचली! वीस मिनिटं लवकर!" मी अभिनंदन केलं.

"भाऊ," ते म्हणाले, "उशिरा पोचलं असतं तं बरं झालं असतं. पोरगी उडून राहिली होती तवर कुठं हाये, ते मले ठावं होतं."