मेस्त्रींसाठी घातलेलं गाऱ्हाणं

बाबांनी मेस्त्रींवर दावा लावला, त्याच्या काही महिने आधी त्यांनीच मेस्त्रींच्या नव्या धंद्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांदेखत त्यांच्यासाठी मागणं मागितलं होतं. ऐकायला आई होती, मी होते, कारखान्यातली सगळी माणसं होती. पुढे कोर्टात जे झालं ते त्या गाऱ्हाण्यामुळे झालं.

आमचा सोडा-लेमनचा कारखाना मालवणच्या बाजारात होता. कारखाना म्हणजे एक लांब, ओलसर खोली, गोटीच्या बाटल्यांचे खोके आणि हाताने फिरवायचं एक यंत्र. ते मेस्त्री फिरवत. भरताना बाटली कधी फुटेल सांगता येत नसे, म्हणून ते तोंडावर तारेची जाळी बांधत. मी शाळेला बेळगावला मावशीकडे होते, कॉन्व्हेंटात. सुट्टीत घरी आले की कारखान्याच्या दारातून त्यांचा चेहरा मला जाळीतूनच दिसे. त्यांनी बाबांकडे शिकाऊ म्हणून सुरुवात केली होती. गॅस किती सोडायचा, साखरेचा पाक किती दाट ठेवायचा, आल्याचा अर्क कधी घालायचा, हे बाबांनी त्यांना शिकवलं. आमच्या आल्याच्या सोड्याला पार कुणकेश्वरच्या जत्रेपर्यंत मागणी होती. बाबा म्हणत, तो सोडा माझा. पण बनवत मेस्त्रीच.

मॅट्रिक होऊन मी घरी परतले तेव्हा इंग्रजीतली कामं माझ्याकडे आली. मुंबईहून आगबोटीने अर्कांचे डबे येत, त्यांच्यावरची लेबलं मी वाचून दाखवायची. मेस्त्री डबा हातात घेऊन विचारत, “ताई, यावर काय लिहिलं आहे?” माझ्याशी ते कचेरीत बोलावं तसं शुद्ध बोलायचे. बाकी सगळ्यांशी मालवणी. तेव्हा मला तो मान वाटे.

एका सकाळी मेस्त्री बायकोला घेऊन घरी आले. हातात नारळ, विडा, अंगात इस्त्रीचा सदरा. ओटीवर बसले नाहीत, खांबाशी उभे राहिले.

“शेट, आता आपल्या पायार उभो रवाचो इचार करतंय. बारीकसो धंदो काढूचो आसा. तुमचो हात पाठीर होयो.”

बाबांनी नारळ हातात घेतला. मग म्हणाले, “बरां केलंस. किती दिवस दुसऱ्याचां यंत्र फिरवतलंस?”

कुठला धंदा, हे त्यांनी विचारलं नाही. आमच्याकडे नारळ घेऊन शुभकामाला निघालेल्या माणसाला कुठे, काय, कशासाठी असं विचारत नाहीत. विचारलं की काम मोडतं, अशी समजूत. शिवाय मेस्त्री आचऱ्याचे, घरचे माड होते, तेव्हा काथ्याचं काहीतरी काढत असतील असं बाबांनी मनात धरलं. कारखान्यात दसऱ्याला यंत्रापुढे गाऱ्हाणं बाबाच घालत. त्या दिवशीही त्यांनी माणसांना बोलावून घेतलं, चपला काढल्या, देवापुढे नारळ ठेवला, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज जो काय हो तुझो लेकरू आपल्या पायार उभो रवता आसा, जो काय धंदो-व्यापार ह्येच्या मनात आसा, त्येका बरकत दी. आड कोण येत असात तर त्येका बाजूक सार. चाराचे आठ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले; गाऱ्हाणं ऐकणाऱ्याने असा होकार द्यायचाच असतो. मेस्त्रींची बायको पदराने डोळे पुसत होती. मेस्त्री मात्र खाली मान घालून जमिनीकडे बघत होते. ते मी पाहिलं. तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नव्हता.

पंधरवड्याने बाजारात बातमी आली की आचऱ्याच्या रस्त्याला सोड्याचा नवा कारखाना निघाला आहे. बाबांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग शेजारच्या आत्याला पाठवून तिथली एक बाटली आणवली. गोटी आत ढकलली, एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि बाटली माझ्यापुढे केली.

“बघ गो.”

मी घोट घेतला. तो आमचाच सोडा होता.

त्या दिवसापासून घराची हवा बदलली. अर्काच्या कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली बाबांच्या जानव्याला. कामावरची दोन माणसं कुजबुजताना दिसली की बाबा पाय न वाजवता त्यांच्या मागे जाऊन उभे राहत. आईची आणि मेस्त्रींच्या बायकोची बांगड्यांची-सुरमईची देवघेव होती, ती बंद झाली. “तेच्या घरचां मासां हय येवचां नाय,” बाबा म्हणाले. आई म्हणाली, “माशान काय केल्यान?” पण तीही विहिरीवर त्या बाईशी बोलायची थांबली.

एका संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, “तू त्येका डब्यावरचां सगळां वाचून दाखवायचंस?”

“तुम्हीच सांगितलं होतंत.”

“सगळां वाच म्हणान सांगितलां नव्हतां.”

त्यानंतर मीही मेस्त्रींची एकेक आठवण काढून उजेडात धरून बघू लागले. ते लेबल दोनदा का वाचायला लावायचे? मुंबईच्या कंपनीचं नाव तोंडातल्या तोंडात घोळवायचे, ते पाठ करायला का? मला ताई म्हणून शुद्ध बोलायचे, तो मान होता की मला बोलतं ठेवायची युक्ती? एखाद्या माणसाकडे एकदा असं बघायला लागलं की त्याचं साधं खोकणंही सरळ वाटत नाही. आणि बाबा माझ्याकडेही तसंच बघत होते, हे मला जेवताना कळायचं.

बाबा वकिलांकडे गेले. वकीलकाका म्हणजे बाबांचे जुने स्नेही, तपकीर ओढणारे, प्रत्येक वाक्याआधी थांबणारे. मी कागद वाचायला बरोबर होते. मेस्त्रींना कामावर घेताना बाबांनी मुंबईच्या कुणाकडून तरी एक इंग्रजी करार छापून आणला होता आणि त्यावर त्यांची मराठीत सही घेतली होती. काम सोडल्यावर तालुक्यात हाच धंदा करणार नाही, असं त्यात होतं.

वकीलकाकांनी तो ऐकला आणि तपकिरीची डबी बंद केली. “एवढ्यावर भागणार नाही. माणसाला पोट भरायला अडवणारा करार कायदा मानत नाही. पण त्याने तुझं काही पळवलं असेल, तर कोर्ट ऐकेल. काय चोरलान?”

“चव,” बाबा म्हणाले.

“चव जप्त कशी करू? बेलिफाला काय सांगू, जीभ घेऊन जा?”

शेवटी असं ठरलं, की कारखान्याचं गुपित पळवून नेलं आणि शिवाय बाबांना फसवलं, असा दावा लावायचा. धंदा काथ्याचा आहे असं सांगून आशीर्वाद घेतला, म्हणजे फसवणूक. कोर्टाने मनाई हुकूम दिला तर जत्रांच्या आधी मेस्त्रींचं यंत्र बंद पडणार होतं. त्या यंत्रासाठी त्यांनी बायकोचं सोनं मोडलं होतं, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. हुकूम मिळाला नाही तर कुणकेश्वरला आमच्यासमोर त्यांचं दुकान लागणार, आणि लोक तिथे जाणार, हे बाबांना माहीत होतं.

“काथ्याचं बोलला, हे ऐकलेलं कोण आहे?” वकीलकाकांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

“शिकलेली मुलगी, साहेबांवर छाप पडेल,” वकीलकाका म्हणाले. “बाळ, तुला एवढंच सांगायचं आहे. मेस्त्री म्हणाले, काथ्याचा धंदा काढतो. बस.”

मेस्त्री तसं म्हणाले नव्हते. ‘बारीकसो धंदो’ म्हणाले होते. मी तिथे नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. कराराच्या कागदाची घडी घातली. वकीलकाकांनी माझं नाव साक्षीदारांत लिहून घेतलं. घरी येताना बाबा माझ्या पुढे चालत होते. त्यांनी एकदाही वळून विचारलं नाही, की तुला काय ऐकू आलं होतं. विचारायची भीती वाटत असावी. मला तर ती होतीच. बेळगावला शाळेत सगळ्यांसमोर उभं राहून धडा वाचायचा म्हटला तरी माझा आवाज बसायचा. इथे तर शपथ घेऊन बोलायचं होतं, आणि एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला ती मोडलेल्या सोन्याची बाई.

तारखेच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. अर्धा बाजार आला होता. न्यायाधीश देशावरचे, नवे बदलून आलेले. मेस्त्री पलीकडच्या बाकावर, त्याच इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांचा वकील वेंगुर्ल्याचा, तरुण, हसरा. मला तो हसरेपणा मुळीच आवडला नाही.

बाबांची साक्ष आधी झाली. ते शुद्ध मराठीत बोलत होते, प्रत्येक शब्द जपून. करार, अर्क, शिकवलेलं काम, सगळं नीट सांगितलं. मग तो तरुण वकील उठला. कराराबद्दल त्याने एकच प्रश्न विचारला, हा कागद त्यांना वाचून दाखवला होता का. बाबा म्हणाले, आठवत नाही. आणि मग एकदम, “आपण यांच्यासाठी गाऱ्हाणं घातलंत?”

वकीलकाका उठले. “साहेब, घरच्या देवाधर्माचा इथे संबंध नाही.”

“फसवणूक त्या वेळी झाली असं त्यांचंच म्हणणं आहे, साहेब. काय बोललं गेलं, ते कळायला हवं.”

न्यायाधीशांनी मान हलवली. “सांगा.”

बाबा म्हणाले, “देवाने याला यश द्यावं, अशी प्रार्थना केली.”

“असं नको. जसं म्हणालात, तसं सांगा.”

बाबांनी पिंजऱ्याच्या कठड्यावरचे हात उचलले. सुरुवात शुद्धच केली, पण दुसऱ्या शब्दाला भाषा घसरली. गाऱ्हाणं शुद्ध भाषेत येत नाही, आणि अर्धवट सोडता येत नाही. हात आपोआप जुळले, आवाज चढला. “जो काय धंदो-व्यापार ह्येच्या मनात आसा, त्येका बरकत दी. आड कोण येत असात तर त्येका बाजूक सार. चाराचे आठ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मागच्या बाकांवरून अख्खा बाजार म्हणाला. दारातला पट्टेवाला म्हणाला. वकीलकाकांचे ओठ हललेले मी बघितले.

न्यायाधीश दचकले. “हे काय चाललंय? शांत राहा!”

तरुण वकील आता हसत नव्हता. “यात काथ्याचं नाव कुठे आहे?”

“नाही.”

“तुम्ही विचारलंत, कुठला धंदा?”

“निघालेल्या माणसाला विचारत नाहीत.”

“आणि आड येईल त्याला बाजूला कर, असं तुम्हीच म्हणालात. आज यांच्या आड कोण येतंय?”

कोणीतरी मागे फिसकन हसलं. बाबा अजून जुळलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिले. इतका वेळ, की न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं. मग जेवणाची सुट्टी झाली.

व्हरांड्यात वकीलकाका बाबांना समजावत होते. “अजून काही गेलेलं नाही. मुलगी उभी राहिली की सगळं सावरेल. ती सांगेल काथ्याचं.”

“ती उभी रवाची नाय,” बाबा म्हणाले.

“अरे, मग दावा बुडाला.”

“माझ्या तोंडान मीच त्येच्यासाठी देवाकडे मागितलंय. आता हय उभो रवान उलटां मागू?”

“पण त्याने मुद्दाम करून घेतलान तुझ्याकडून! कळत नाही तुला?”

“कळता मरे. घेतल्यानच तेना. पण गाऱ्हाणां घातलंय तर मीच मां?”

दावा काढून घेतला. कागदावर बाबांनी सही केली तेव्हा मी खिडकीशी होते. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच असंही वाटलं, की बाबांना माझी साक्ष नको होती ती देवामुळे, की मी काय सांगेन याची खात्री नव्हती म्हणून?

पायऱ्यांवर मेस्त्री थांबले होते. बायको मागे.

“शेट...”

“त्या दिवशी नारळ घेवन ठरवून इल्लंस मां?” बाबांनी विचारलं.

“तुमी इचारलां असतां तर खोटां सांगितलंय नसतंय.”

“आणि मी इचारूचंय नाय, ह्यां तुका म्हायत होतां.”

मेस्त्री परत तसेच खाली बघत राहिले. शरमेने की पकडले गेले म्हणून, मी खूप निरखून बघितलं. कळलं नाही. बाबा त्यांच्या अंगावरून पुढे गेले.

घरी आल्यावर बाबा पाय धुवायला मागच्या दारी गेले, तांब्या उचलला, आणि तसाच हातात धरून माझ्याकडे वळले.

“तुका उभी केल्यानी असती तर काय सांगतलंस?”

“जे विचारलं असतं ते.”

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मीही नजर खाली घातली नाही.

“बरोबर,” ते म्हणाले. “कोणाक काय कळूक देवचां नाय, ह्यां तरी शिकलंस शाळेत.”

आणि पायावर पाणी ओतलं.