धोंड्याचा महिना धरायचा की नाही

गरोदरपणाचे मधले महिने सुखाचे, असं ज्यांनी सांगितलं त्यांनी ते वर्ध्याच्या एप्रिलमध्ये काढले नसावेत. उलट्या थांबतात हे खरं. भूक लागते, आणि एक दिवस भाजी निवडताना आतून कोणीतरी टिचकी मारतं. पण त्याच सुमारास पोटऱ्यांत गोळे येतात, सगळी ब्लाउजं एकदम आखूड होतात आणि भेटेल ती बाई तुमच्या पोटाकडे बघूनच बोलायला लागते.

पाचव्यात सोनोग्राफी झाली. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही, हे पाठ झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपण कुठे करणार आणि ऐनवेळी तिथे कसं पोचणार, ते आताच ठरवा. माझं ठरलेलं होतं. वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघ्यातल्या आमच्या घरापासून दवाखाना ऑटोच्या अंतरावर होता. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा नियम. आणि माझं माहेर पुलगावच्या पुढे, एका नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की एस.टी. अलीकडेच थांबते. माझ्या वहिनीचं पहिलं बाळंतपण त्याच नाल्याच्या काठावर, बैलगाडीत झालं. दोघंही वाचली, म्हणून घरात तो किस्सा हसत हसत सांगत. माझी तारीख ऑगस्टअखेरची होती आणि मला हसू येत नव्हतं.

सरळ नकार दिला असता तर बोभाटा झाला असता. सासूबाई म्हणाल्या असत्या, माहेरचे टाळतात. माहेरचं गाव म्हणालं असतं, सासरचे पाठवत नाहीत. मग मी नियमच नीट तपासले. सातव्यात ओटी भरून लेकीला न्यायचं. आठव्यात गर्भारशीने प्रवास करायचा नाही. नवव्यापर्यंत नाला भरतो. म्हणजे सातवा तेवढा चुकवायचा होता. आणि त्या वर्षी नेमका मेच्या मध्यापासून अधिक महिना होता, आमच्याकडे म्हणतात तो धोंड्याचा महिना. त्यात शुभकार्य करत नाहीत.

मेच्या सुरुवातीला आई आंब्यांची थैली घेऊन आली. दोघी विहिणी कूलरसमोर दिवस ठरवायला बसल्या. मी पन्हं दिलं आणि साळसूदपणे विचारलं, "धोंड्यात ओटी भरत असतेत काय?"

सासूबाईंचा ग्लास ओठाशी थांबला. "नाई भरत. मंग आताच भरू. सातवा लागूनच राह्यला."

"कोठचा सातवा, ईनबाई?" आई म्हणाली. "सहावा त सरू द्या."

"आमच्यात लागला की भरतेत."

"आमच्यात सरल्यावर भरतेत. धोंडा झाला की पाहू."

"तवा त आठवा लागन!"

"काऊन लागन? धोंड्याचा महिना धरतच नाईत."

"अवो, पंचांगात नसन धरत, पोटात त धरते ना! लेकरू काय महिनाभर वाढाचं थांबून राह्यन?"

"मुहूर्ताले धरत नाईत, मंग ओटीले कसा धरान?"

नवऱ्याला मत विचारलं. कूलरमध्ये पाणी कमी आहे म्हणून तो जो उठला, तो पाणी न भरताच बाहेर गेला.

नंतर मी फार काही केलं नाही. सासूबाईंसमोर आईचं खरं म्हटलं, फोनवर आईला सासूबाईंचं. दोघींना तपासणीला सोबत नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी हिशेब आठवड्यांत सांगितला. तो दोघींनाही कळला नाही आणि आपणच जिंकलो असं समजून दोघी बाहेर आल्या. धोंड्यात जावई अनारसे खाऊन आला. महिना संपल्यावर बोरगावातच ओटी भरली आणि बायकांसमोर सासूबाईंनी निकाल दिला, "आठवा हाये. आठव्यात बाई हालवत नसतेत." आईने मान खाली घातली.

मुलगी दवाखान्यात सुखरूप झाली. त्या दिवशी नाला कोरडा होता, वेळेत नेलं असतं तर माहेरीच झाली असती, हे सासूबाई पुढे बरेच दिवस ऐकवत. पण त्याआधी, जुलैतच, आई डिंक, मेथ्या आणि जुन्या मऊ लुगड्यांचं गाठोडं घेऊन आमच्याकडे राहायला आली. ती डिंक तळत होती तेव्हा मी विचारलं, "आई, धोंड्याचा महिना खरंच धरत नाईत काय?"

"चार लेकरं जनली म्या," ती कढईतून नजर न काढता म्हणाली. "पोटातला महिना मले समजत नसन काय?"

"मंग भांडली काऊन?"

"लेकीले नेत नाई म्हटलं असतं त तुह्या सासूनं जनमभर ऐकवलं असतं. त्या दिवशी गाडीत तुह्या वहिनीचा हात धरून मीच बसली होती. पुन्हा नाई बसत." तिने फुललेला डिंक झाऱ्याने काढला. "जाय, डाव्या कुशीवर पड. अन् सासूले सांगू नोको. जिंकली म्हनून खुश हाये थे, राहू दे."

बाहेरून सासूबाईंची हाक आली, "ईनबाई, च्या घेता ना?"

आईने पदराने तोंड पुसलं, चेहरा पुन्हा पडेल केला आणि हरलेल्या विहिणीसारखी बाहेर गेली.