आहेरात आलेले स्टार

आईची खानावळ म्हणजे आमची पडवी, त्यात चार टेबलं आणि मागच्या अंगणात चूल. कर्जतजवळ कळंबमध्ये, रस्त्यापासून थोडी आत. जेवायला यायचं असेल तर सकाळी नऊच्या आत फोन करून किती माणसं ते सांगायचं. मग आई कुणाच्या तरी आवारातून गावठी कोंबडी आणते, तांदळाच्या पिठाची उकड काढते आणि माणसं हात धुवायला उठली की पहिली भाकरी तव्यावर टाकते. फोन आला नाही तर चूल पेटत नाही.

त्याआधी सात वर्षं ती जवळच्या एका रिसॉर्टमध्ये भाकऱ्या करायची. शेवटच्या वर्षी मॅनेजरनं तिला नऊवारी नेसवून लॉनवर चुलीपुढे बसवायला सुरुवात केली. पाहुणे तिच्याशेजारी उकिडवे बसून फोटो काढायचे. ताटातल्या भाकऱ्या आत गॅसवर होत असत, बाहेरची आई फक्त दाखवायला. आमच्या घरी नऊवारी कुणी नेसत नाही. एके दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, "उद्यापासून नाय जायाचं." तेव्हा खानावळ सुरू झाली.

पहिलं वर्ष बरं गेलं. गाडीवाले टपरीवर विचारायचे, गावठी कोंबडी कुठं मिळेल, आणि टपरीवाला हात करायचा. मग रस्त्याच्या वळणावर नवीन हॉटेल झालं. झोपाळा, दिवे, फोटो काढायला भिंतीवर पंख रंगवलेले. आता गाडीवाले टपरीवर थांबत नाहीत, फोनमध्ये बघतात आणि वळणावरच थांबतात. या पावसाळ्याच्या तोंडावर आई म्हणाली, "मॅनेजरचा फोन येतोय. एवढा सीझन बघते. नाय चाललं तर जाते परत." आणि माझ्याकडे बघून पुढे, "तुला इंग्लिश मीडियमला घातली ती कशाला? कर की कायतरी त्या मोबाइलवर."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते. बँकेचा फॉर्म, मिक्सरचं गॅरंटी कार्ड, शेजाऱ्यांच्या मुलाचा पासपोर्ट. इंग्रजी येतं म्हणजे मला माणसांशी बोलताही येतं, असा सगळ्यांचा समज आहे. मला कॅमेऱ्यासमोर उभं राहता येत नाही. अनोळखी नंबर वाजला की मी तो संपेपर्यंत बघत बसते. पण फॉर्म भरता येतात, म्हणून मी खानावळ मोबाइलमधल्या नकाशावर टाकली. फोटोंचा प्रश्न होता. गिऱ्हाइकाच्या ताटाचा फोटो आई काढू देईना. "दुसऱ्याच्या घासावर नजर नको." मग आमच्यासाठी केलेल्या टाकळ्याच्या भाजीचे, भाकरीचे, रश्श्याचे फोटो काढले. 'सकाळी नऊच्या आत फोन करावा' हे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं. दोन रविवार अनोळखी माणसं आली. एका बाईनं लिहिलं की भाकरी शेवटपर्यंत गरम मिळाली. ते मी आईला तीनदा वाचून दाखवलं.

माझी चूक ही की शेजारच्या काकूलाही दाखवलं.

पुढच्या रविवारी शेजारी बारसं होतं. नाव ठेवून झालं, पंगती उठल्या, आणि काकांनी माइक हातात घेतला. "मंडळी, आपल्या वहिनींची खानावळ मोबाइलवर आलीय. आता जायच्या आधी सगळ्यांनी पाच-पाच स्टार द्यायचे. एकानंबी चार देऊन हात आखडता घ्यायचा नाय!"

मी पाण्याचा जग घेऊन उभी होते. हे चालत नाही, जेवल्याशिवाय लिहायचं नसतं, हे मला माहीत होतं. मी काकांजवळ जाऊन म्हणाले, "काका, नको ना."

"लाजतेय बघा पोरगी," काका माइकमध्येच म्हणाले. सगळे हसले. मी जग घेऊन मागे झाले.

अर्ध्या तासात मांडवातल्या पन्नासेक माणसांनी स्टार दिले. ज्यांना जमत नव्हतं त्यांचे फोन हातोहात फिरले. कुणी लिहिलं, 'हार्दिक अभिनंदन वहिनी.' कुणी, 'शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ.' एका आजोबांच्या नावानं आलं, 'बाळाला उदंड आयुष्य लाभो.' दुकान उघडलं की नारळ घेऊन जायचं, तसंच हे. आईचे डोळे भरून आले होते. मी मात्र फोनवर आकडा वाढताना बघत होते.

बुधवारी खानावळ नकाशावरून गेली. खोटे अभिप्राय आढळल्यामुळे बंद, असा दोन ओळींचा इंग्रजी मेल. आईला अर्थ सांगितला तर ती आधी हसली. "खोटे? सगळ्यांची नावं हायत ना खाली?" मग म्हणाली, "हापिस कुठंय त्यांचं? कर्जतला नाय तर पनवेलला असंल. चल, जाऊन येऊ. भाकऱ्या बांधून घेते."

"असं ऑफिस नसतं, आई."

"मग ह्यो मेल कुणी लिवला?"

"कुणी नाही. आपोआप येतो."

"आपोआप कसा येईल गं? कुणीतरी बसलं असंलच ना."

मी तिच्यावर ओरडले. मेल लिहिणाऱ्यावर ओरडता येत नव्हतं म्हणून.

अपील करायच्या आधी ते अभिप्राय काढलेले बरे, असं कुठेतरी वाचलं. म्हणजे ज्यांनी दिले त्यांनीच, आपापल्या फोनवरून. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर चार अंगठे आले, दुसरं काही नाही. शेवटी मी घरोघरी गेले. आयुष्यात मी इतक्या उंबऱ्यांवर कधी बोलले नव्हते. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य: तुम्ही दिलेलं काढून टाका. आहेर परत नेऊन द्यावा तसं. काही जणांनी चहा दिला, फोन दिला, कर म्हणाले. काकूनं फोन दिला नाही.

"आमचं कौतुक टोचतंय व्हय तुला?"

"तसं नाही काकू, ते खोटं समजतात."

"खोटं? तुझी आई रांधते ते खोटं हाय का? बारा वर्सं खाल्लंय मी तिच्या हातचं. तिच्या चुलीवरचं खाल्लं नाय असं म्हनू?"

तिचं खरंच होतं. तिचा एकटीचा अभिप्राय त्या पन्नासांत सगळ्यात खरा होता. फक्त तो इतरांबरोबर, एकाच मांडवातून, एकाच दुपारी गेला होता. हे तिला समजावून सांगण्याइतकं मराठी मला त्या वेळी सुचलं नाही. इंग्रजीत सुचलं, त्याचा काय उपयोग?

तीसेक अभिप्राय निघाले. मी अपील पाठवलं. उत्तर आलं की पाटी दिसेल असा व्हिडिओ पाठवा. आमच्याकडे पाटी नव्हती, कधी लागलीच नव्हती. कर्जतला जाऊन फ्लेक्स करून आणला, व्हिडिओ पाठवला. 'तपासणी सुरू आहे' असं आलं. अजून तेच आहे.

दरम्यान दोन शनिवार फोन वाजला नाही. तिसऱ्या शनिवारी मॅनेजरचा वाजला. त्याला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. आई त्याला म्हणाली, "येते. पन लॉनवर बसनार नाय." तो म्हणाला, बघू.

मी म्हणाले, "अजून आठ दिवस थांब. कदाचित होईल."

"कदाचित कोन करनार? तू म्हनतीस तितं कोन बसलेलंच नाय."

काकांवर, काकूवर तिचा राग नाही. माझ्यावरही नाही, हे मला जास्त लागतं. मांडवात मी जग खाली ठेवून माइक काढून घेतला असता तर, असं मी रोज मनात म्हणते. मग वाटतं, दहा हजार माणसं जिथे पैसे देऊन असलेच स्टार घेतात तिथे बारशाची माणसंच सापडावीत?

आई आता सकाळी सातला रिसॉर्टवर जाते. रविवारी सुट्टी नसते. खानावळीचा फोन माझ्याजवळ असतो आणि आता मी तो उचलते. जुनी माणसं असतात, कुणाकडून तरी नंबर मिळालेली.

"रविवारी सहा जणांचं जेवण होईल का?"

"नाही. रविवारी बंद असतं."

"मग त्या बाजूला चांगली भाकरी कुठे मिळेल?"

मी रिसॉर्टचं नाव सांगत नाही. माहीत नाही म्हणते आणि फोन ठेवते.