पौलाचं चौदावं पत्र

फर्डिनंड सरांना प्रश्न विचारायला फार आवडायचं. उत्तरं द्यायला नव्हे हं, विचारायलाच. वालीवच्या एका कारखान्यात पंप तपासण्यात त्यांची हयात गेली आणि तिथे त्यांना कुणी कधी सर म्हटलं नाही. पण रविवारी चर्चच्या धर्मवर्गात उभे राहिले की माणूसच बदलायचा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि आवाज असा की मागच्या बाकावरची पोरं तोंडातलं चुइंगम गिळून टाकायची. वसईच्या पश्चिमेला वाड्यांमध्ये वसलेल्या त्या गावात आज जे बापे झालेत, त्यांतल्या निम्म्यांना दहा आज्ञा सरांनीच घोकून घेतलेल्या. त्यामुळे मान मोठा. मयताच्या घरी प्रार्थना सरांनी सुरू करायची, लग्नात नवरानवरीला शुभेच्छांचा टोस्ट सरांनी बोलायचा. आणि पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, सणाआधी वाडीवाडीतल्या सगळ्या समूहांची बायबल प्रश्नमंजूषा व्हायची, तिथे तर विचारूच नका! प्रश्न सरांचे, परीक्षक सर, निर्णयही सरांचाच.

आता सरांचं बायबलचं ज्ञान कसं, तर पाठांतराचं. लहानपणी एका म्हाताऱ्या फादरांनी छडी हातात घेऊन त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं की संत पौलाची पत्रं चौदा. रोमकरांस लिहिलेल्या पत्रापासून सुरुवात आणि शेवटचं चौदावं, इब्री लोकांस पत्र. हे चौदा सरांच्या जिभेवर इतके पक्के बसले होते की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितले असते. आणि जे तोंडपाठ असतं ते माणूस परत कशाला तपासतो?

घरात बायबल होतं. साधंसुधं नाही, जाडजूड, सोनेरी कडांचं. धर्मशिक्षक म्हणून सत्कार झाला तेव्हा पॅरिशने दिलेलं. ते घरच्या अल्तारावर, देव्हाऱ्याच्या जागी, मेणबत्त्यांच्या मधोमध उभं असायचं. सर रोज त्याला नमस्कार करायचे. उघडायचे मात्र आपलं जुनंच, कारण त्यात त्यांच्या खुणा होत्या.

ते नवं बायबल पहिल्यांदा उघडलं सुनेने. मेलिसा तिचं नाव. सरांचा मुलगा मर्विन विमानतळावर कार्गोत कामाला, त्याने पसंत केलेली अर्नाळ्याची मुलगी. तिचे काका, मामा सगळे अजून समुद्रावर जातात. ती स्वतः नायगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. लग्नाच्या वेळी सरांनी नाक थोडं मुरडलं होतं, "कोळ्यांची मुलगी आपल्या वाडीत रमेल काय?" म्हणून. पोरगी चांगली रमली. कॅथरीनबाईंना, म्हणजे सासूला, डोळ्यांनी नीट दिसत नाही, तर संध्याकाळी लॅबमधून आली की चहा घेऊन ती सासूजवळ बसायची आणि त्या मोठ्या बायबलमधून वाचून दाखवायची. सुरुवातीलाच कॅथरीनबाईंनी विचारलं होतं, "अगं, पन हे लिवलं कोनी?" हाच प्रश्न त्यांनी पूर्वी एकदा नवऱ्यालाही विचारला होता. तेव्हा नवरा म्हणाला होता, "देवाने लिहिलं. तू रोझरी म्हण." सुनेने तसं केलं नाही. प्रत्येक पुस्तकाच्या आधी बारीक अक्षरात प्रस्तावना असते, ती तिने आधी वाचायला घेतली. दोघी बायका रोज तेवढा तास अशा रंगून जायच्या की मर्विन म्हणायचा, यांची सिरियल चालू झाली.

सर त्या वेळी ओट्यावर पेपर वाचत बसलेले असायचे. आत काय चाललंय ते त्यांनी कधी कान देऊन ऐकलं नाही.

तर यंदाच्या प्रश्नमंजूषेत मेलिसा त्यांच्या समूहातर्फे उतरली. इथेच सगळा घोटाळा झाला. सरांना आनंद व्हायला हवा होता, की नाही? पण त्यांना धास्ती बसली. सून जिंकली तर गाव म्हणणार, सासऱ्याने घरीच पेपर फोडला. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की तिच्याशी जरा जास्तच कडक राहायचं. लोकांना दिसलं पाहिजे, फर्डिनंड सर आपलं-परकं करत नाहीत.

हॉल खच्चून भरला होता. शेवटची फेरी, दोन समूह बरोबरीत, आणि शेवटचा प्रश्न मेलिसाच्या वाट्याला आला. सरांनी माइक तोंडाशी धरून दमदार आवाजात विचारलं, "इब्री लोकांस पत्र कोणी लिहिलं?"

मेलिसा हसली. येत होतं ना तिला! म्हणाली, "ते कुणालाच माहीत नाही, सर. त्या पत्रात लिहिणाऱ्याचं नावच नाहीये."

 सर नुसतं "चूक" म्हणून थांबले असते तरी निभावलं असतं. पण समोर सगळी पॅरिश बसलेली, आपण किती निःपक्षपाती ते दाखवायची हीच वेळ, आणि जीभ सुटली ती सुटलीच. "कुणालाच माहीत नाही? सूनबाई, सगळ्या जगाला माहीत आहे. अर्नाळ्याला नसेल माहीत कदाचित!"

हॉल हसला. हसणाऱ्यांपुढे माणसाला चेव येतो. मेलिसा "सर, प्रस्तावनेत..." म्हणेपर्यंत सरांनी पुढचा बार काढला. "घरी रोज बायबल उघडून बसते. आत मोबाईल ठेवत असावी, असं दिसतंय आता!"

हॉल पुन्हा हसला, या वेळी जास्त मोठ्याने. पहिल्या रांगेत कॅथरीनबाई बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. मेलिसाचे आईवडील खास अर्नाळ्याहून लेकीला बघायला आले होते. तिचे वडील कसंनुसं हसले, चारचौघांत आपण एकटेच गप्प बसलेले दिसू नये म्हणून. सरांनी जाहीर केलं, "उत्तर, संत पौल. परीक्षकांचा निर्णय अंतिम." तो गुण दुसऱ्या समूहाला गेला आणि ते जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माइकच्या वायरी गुंडाळून ठेवायला चर्चमध्ये गेले. फादर डॉमनिक ऑफिसात होते. ते आदल्या दिवशी आजाऱ्यांना भेटायला गेल्याने हॉलमध्ये नव्हते. सरांनी त्यांना सगळा किस्सा रंगवून सांगितला, अर्नाळ्याचा विनोद, मोबाईलचा विनोद, सगळं. फादर आधी हसले. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"सर," ते म्हणाले, "पण ती बरोबर बोलली हो."

"कोण?"

"तुमची सून. इब्री लोकांस पत्र पौलाचं नाही, असंच आता जवळजवळ सगळे अभ्यासक मानतात. पौल आपल्या पत्राची सुरुवात स्वतःच्या नावाने करतो. इथे नाव नाही, नमस्कार नाही, भाषेची धाटणी निराळी. कोणी बर्णबा म्हणतं, कोणी अपुल्लो. एखाद्या बाईने लिहिलं असेल असंही म्हणणारे आहेत. तिसऱ्या शतकातला एक मोठा पंडितसुद्धा हात टेकून म्हणाला, ते देवालाच ठाऊक. चार शुभवर्तमानांचंही तसंच आहे, मूळ मजकुरात लिहिणाऱ्याने नाव घातलेलं नाही, नावं मागाहून जोडली गेली. म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही, सर. पण आपण मारून मुटकून नाव चिकटवू नये."

"पण आम्हांला चौदा..."

"तेव्हा तसंच शिकवायचे. तुम्हांला पॅरिशने दिलेल्या बायबलच्या प्रस्तावनेत आहे बघा सगळं."

सर तडक घरी आले. घरात मेलिसा कामावर गेलेली. त्यांनी अल्तारावरून ते बायबल काढलं आणि उभ्या उभ्या ते पान शोधलं. होतं की! स्पष्ट, साध्या मराठीत. लेखक अज्ञात. त्यांचंच नाव सोनेरी अक्षरांत कोरलेलं बायबल, आणि त्यांनी ते इतकी वर्षं नमस्कारापुरतं वापरलं! कानशिलं तापली. कारखान्यात एकदा साहेबाने सगळ्यांसमोर झापलं होतं, तेव्हाही इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं. तेव्हा निदान चूक दुसऱ्याची होती.

कॅथरीनबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना नीट दिसत नसलं तरी कोण कुठे उभं आहे ते बरोबर कळायचं.

"सापडलं काय?" त्या म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"आमी दोघींनी वाचलंय ते. ती तितं बरोबर बोलली, नि तुमी तिला मोबाईलवाली ठरवलं. तिच्या बापासमोर." त्यांचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "माजी पोर रातभर रडली. आता ती वाचीत नाय बसायची. मी सांगूनशी ठेवते."

आणि खरंच, त्या संध्याकाळी मेलिसा आली, चहा केला, सासऱ्याच्या हातात कप दिला, "पप्पा, साखर कमी घातलीय" म्हणाली आणि खोलीत निघून गेली. तोंड वाकडं नाही, आदळआपट नाही. सरांना वाटलं, हिने चार भांडी आपटली असती तर बरं झालं असतं.

फादरांनी निर्णय सरांवरच सोडला होता. "रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर बक्षीस समारंभ आहे. मी जाहीर केलं तर तुमचा मान जाईल. तुम्हीच काय ते सांगा." सरांनी आठवडाभर वाडीत केळींना पाणी घालताना तालीम केली. 'मी चुकलो. मेलिसाचं उत्तर बरोबर होतं. मी तिची आणि तिच्या माहेरची टिंगल केली, त्याबद्दल मी तिची माफी मागतो.' झालं, एवढंच बोलायचं. केळींसमोर अगदी सुरेख जमायचं. कधी कधी तर डोळ्यांत पाणीही यायचं, आणि आपण किती चांगले आहोत असं वाटून जायचं.

रविवारी हॉल तसाच भरला. मेलिसाचे आईवडीलही आले होते. सर माइकपाशी गेले. समोर त्यांचे सगळे जुने विद्यार्थी, त्यांच्या बायका, त्यांची पोरं, सगळे टक लावून बघतायत. सरांनी घसा खाकरला आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते असं:

"बंधुभगिनींनो, मागच्या रविवारच्या शेवटच्या प्रश्नात एक तांत्रिक त्रुटी राहून गेली होती. नवीन संशोधनानुसार त्या प्रश्नाची दोन उत्तरं होऊ शकतात. म्हणून दोन्ही समूहांना संयुक्त विजेते घोषित करण्यात येत आहे."

घोषित करण्यात येत आहे! कोणाकडून? जणू ती टिंगल वाऱ्याने केली होती. सरांनी हे वाक्य आधी कधीच रचलं नव्हतं. ते आपसूक आलं, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मग त्याहून भयंकर गोष्ट घडली. पॅरिश कौन्सिलच्या एलिसाबाई उठून माइकवर आल्या.  "चूक कोणाकडूनही होते. पण या वयात, सगळ्यांसमोर ती कबूल करायला मन मोठं लागतं. आपल्या पोरांनी हे सरांकडून शिकावं." पाहुण्यांसाठी आणलेल्या शालींतली एक जास्तीची होती. तीच सरांना द्यायचं तिथल्या तिथे ठरलं. द्यायची कोणाच्या हस्ते? सुनेच्याच! लोक तर उठूनच उभे राहिले.

सरांनी फादरांकडे पाहिलं. फादर जमिनीकडे बघत होते.

मेलिसा स्टेजवर आली. अजून वेळ होती. माइक सरांच्या हाताशीच होता. 'थांबा' एवढं जरी म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप आलं असतं. तिने शालीची घडी मोडली, त्यांच्या खांद्यांवर पसरली आणि हलकेच म्हणाली, "पप्पा, एक टोक धरा, घसरतेय." सरांनी टोक धरलं. फोटो निघाला. समोर तिचे वडील सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते.

दुपारी मर्विन सासू-सासऱ्यांना अर्नाळ्याला सोडायला गेला. कॅथरीनबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. सर शाल काढून खुर्चीवर ठेवायचे, परत उचलायचे, कपाटात ठेवायचे, परत काढायचे. शेवटी मनाचा हिय्या करून ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. मेलिसा मागचं आवरत होती.

"मेलिसा."

"हं, पप्पा. चहा टाकू?"

"नको. बेटा, मी चुकलो." आता मात्र शब्द भराभर आले, केळींसमोर यायचे तसेच. "तुझं उत्तर बरोबर होतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी तुला हसलो. तुझ्या माहेराला हसलो. तू मन लावून वाचतेस त्याची मी थट्टा केली. मला माफ कर."

मेलिसाने हातातलं पातेलं पुसून फडताळात ठेवलं. मग ती वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"पप्पा, हे मला इथे कशाला सांगता?" ती म्हणाली. "इथे मला कोणी हसलं नव्हतं."